हबीबच्या क्लॅरनेटची चोच

यवतमाळहून आलेल्या दुपारच्या मोटारीच्या कंडक्टरनं खिडकीतूनच सांगितलं, "मॅनेजर, हबीब गेला." नेरच्या स्टँडसमोर मी बँडचं सामान चढवत होतो. ढोल चढले होते, गणवेश चढले होते. आधी दुःख झालं असं लिहिलं तर बरं दिसेल. पण मला आधी आठवला त्याच्या तोंडाचा वास.

हबीब दिवसा मोटारी दुरुस्त करायचा आणि लग्नसराईत आमच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. तारखा, माणसं, सामान सगळं मी लिहून ठेवतो. माणसांत त्याचं नाव पहिलं. दीक्षेनंतर बौद्ध वस्तीत नव्या पद्धतीनं लग्नं होऊ लागली, तिथंही लोक सांगायचे, हबीब असेल तर या. साठ सालच्या सुमारास लॉरी सुरू करताना तिच्या हँडलनं उलटा झटका दिला आणि त्याचे वरचे समोरचे दोन दात गेले. क्लॅरनेटची काळी चोच वरच्या दातांखाली धरावी लागते. दात नाहीत तर नुसती हवा फुसफुसते. हंगाम तोंडावर होता, अमरावतीचा एक वादक जागा धरायला तयारच होता. एकदा तो उभा राहिला की आपण कायमचे गेलो, हे हबीबला कळत होतं.

बाजारात ताडपत्रीखाली एक दातवाला बसायचा, लोकांचे उपटलेले दात काचेच्या पेटीत मांडून. त्यानं हबीबचे बाजूचे दोन धडधाकट दात कानशीनं घासले, त्यांवर पत्र्याच्या टोप्या चढवल्या आणि मधे दोन नकली दात अडकवून पक्का पूल बसवला. रक्त, थुंकी आणि हत्यारं, सगळं एकाच घमेल्यात. "मरते दम तक हिलेगा नहीं, मियाँ," म्हणाला. मी घमेल्याकडे पाठ फिरवली.

हबीब मात्र वाजवू लागला. मग हळूहळू तो वास... लवंग चघळूनही न दबणारा.

"भाऊ, वास येऊन राह्यला काय?"

"येऊन राह्यला."

"मंग क्लॅरनेटच्या पुढून उभे राहत जा ना! तिकडून सूर निघते."

ऐन सराईत पूल सुटला. मी म्हटलं, बरं झालं, आता यवतमाळच्या दवाखान्यात दाखव. दुसऱ्या दिवशी गॅरेजात गेलो तर हा स्टोव्हवर चपडी लाख वितळवत बसलेला. क्लॅरनेटच्या भोकांवरच्या गाद्या ज्या लाखेनं चिकटवतात, तीच. हिरडीतून पिवळं गळत होतं, ते त्यानं इंजिनाच्या चिंधीनं पुसलं आणि पूल दाबून बसवला.

"काहून रे, तोंड आहे का गॅरेज?"

"क्लॅरनेटले चालते, मले कायले नाही चालणार?"

कळंबच्या लग्नात त्याचा गाल सुजून चकाकत होता. नवऱ्या मुलाचा मामा नाकाला रुमाल लावून ओरडत होता, "आणखी एक होऊ द्या!" त्या रुमालाची मला अजून किळस येते.

सूज डोळ्यापर्यंत चढली तेव्हा मी त्याला यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी लाख फोडून पूल काढला. आत जे होतं ते लिहवत नाही. "हे कोणी चिकटवलं?" त्यांनी विचारलं. हबीबचं तोंड कापसानं भरलं होतं. त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं... त्याला तिथंच भरती करून मी सराईसाठी नेरला परतलो; पुढची बातमी कंडक्टरनं आणली ती.

क्लॅरनेट बँडचं, म्हणून त्याच्या बायकोनं, सलमाभाभीनं, ते पोचतं केलं. चोचीवर त्याच्या खऱ्या दातांनी वर्षानुवर्षं पाडलेले दोन गुळगुळीत खळगे आहेत आणि बाजूला पत्र्याचे वाकडे ओरखडे. मी चोच राखेनं घासली, उकळली. काळा रंग हिरवट पडला, वास गेला नाही. नवा वादक म्हणाला, ही मी तोंडात घालणार नाही. बरोबरच आहे. त्याला नवी आणून दिली. जुनी 'फेकायचे सामान' या सदरात मीच लिहिली आहे. पण दर लग्नाला पेटी भरताना ती हाती येते, नाकाशी नेतो, तोंड कसनुसं होतं... आणि पुसून परत पेटीत ठेवतो.