थेट भेटणारा बॅरिस्टर

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही मला आधी स्वतःचा राग येतो आणि मग त्या माणसाचा. ऑकलंडच्या पोलीस दलात मी पुष्कळ वर्षं काढली. त्याआधी पुण्यात फौजदार होतो. बायकोला इकडे कॉम्प्युटरमधली नोकरी लागली म्हणून आलो आणि खाकी उतरवून निळा गणवेश चढवला. चोऱ्या, मारामाऱ्या, एक-दोन खून, सगळं पाहिलं. पण माझी झोप उडवली ती कागदपत्रांच्या एका साध्या प्रकरणानं. नावं कोणाचीच घेणार नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. पुण्या-मुंबईचे इंजिनिअर आणि कॉम्प्युटरवाले तेव्हा धडाधड येत होते आणि घरोघरी एकच विषय असायचा, परमिट आणि रेसिडेन्सी. इमिग्रेशनचा सल्ला द्यायला त्या काळी लायसन्स लागत नसे. तो कायदा पुढे आला. त्यामुळे ज्याला फॉर्म भरता येतो तो सल्लागार. मात्र सनद नसताना स्वतःला बॅरिस्टर म्हणवून घेणं हा तेव्हाही गुन्हाच होता.

खबर मिळाली ती ऑकलंडमधल्याच सँडरिंगहॅमला, वाणसामानाच्या दुकानात. शनिवार होता, मला सुट्टी होती, जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, घालून निवांत कढीपत्ता निवडत होतो. पाठीमागून आवाज आला, "अहो, तुम्ही पोलीस ना? गणपतीला त्या बॅरिस्टरांच्या मांडीला मांडी लावून बसला होतात."

वळून पाहिलं. साडी, साडीवर मुलाचं भलंमोठं जाकीट, पायात मोजे आणि चपला. सत्तरीला टेकलेली बाई. मी म्हटलं, "हो काकू, बोला."

"मी सातारच्या कोर्टात एकतीस वर्षं कारकुनी केली. वकील कसा असतो ते मला ठाऊक आहे. माझ्या मुलाची केस त्या बॅरिस्टरांकडे आहे. चार महिने झाले, वकालतनाम्यावर सही घेतलेली नाही! वकालतनाम्याशिवाय कसला हो वकील?"

तेवढ्यात मुलगा डाळीची पिशवी घेऊन धावत आला. चाळिशीच्या आतला, हॅमिल्टनला मशीन दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कंपनीत इंजिनिअर. "आई, चल ना. सॉरी हं सर. इथे वकालतनामा नसतो, हे हिला किती वेळा सांगितलं!"

"नसेल बाबा. पण तुझं परमिट संपून अठ्ठावीस दिवस झाले, कंपनीनं घरी बसवलंय, पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतलेत, आणि अपील केल्याची एक पावती तुला दिलेली नाही. पावतीसुद्धा इथे नसते का?"

मुलगा ओशाळला. अपील गेलंय, सर खूप बिझी असतात, असं काहीतरी पुटपुटून तो आईला घेऊन गेला.

मुलाचं म्हणणं बरोबर होतं, वकालतनामा या देशात नसतोच. तरीही ते बोलणं मला दिवसभर टोचत राहिलं. तो बॅरिस्टर माझ्या ओळखीचा होता. गणपतीच्या कार्यक्रमाला मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं, मी गणवेशात गेलो होतो आणि पहिल्या रांगेत आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. गोरापान, मृदू बोलणारा, कोट अंगाला नीट बसलेला माणूस. "आपल्या लोकांसाठी काहीतरी करायचं, दुसरं काय," असं म्हणाला होता. मी मान डोलावली होती. सनद पाहायचं डोक्यातही आलं नाही. फौजदारकी केलेला माणूस मी!

सोमवारी ठाण्यात गेल्या गेल्या साहेबांना सांगितलं की संशयित माझ्या तोंडओळखीचा आहे. आमचे साहेब धिप्पाड सामोअन गृहस्थ, कमी बोलणारे. "डायरीत लिही, आणि कामाला लाग," एवढंच म्हणाले. वकिलांच्या नोंदणीकडे विचारणा केली. त्या नावाचा कोणी नव्हता. अपील प्राधिकरणालाही लेखी विचारलं. पण नोंद दुसऱ्या नावानं असू शकते, परदेशातली असू शकते. घाई करून चालणार नव्हतं. म्हणून मंगळवारी शहरातल्या बॅरिस्टरांच्या एका चेंबर्समध्ये गेलो. इमिग्रेशन आणि नागरिकत्वाच्या कायद्यात तिथल्या बाईंचा शब्द शेवटचा मानला जायचा. पिकलेले केस, टेबलावर फायलींचा ढीग, आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत पुढचा प्रश्न तयार.

"हे कुटुंब त्याच्याकडे कोणत्या सॉलिसिटरमार्फत गेलं?" त्यांनी विचारलं.

"कोणाच्याच नाही. ओळखीतून थेट गेले."

"थेट? आणि त्यानं थेट घेतलं?" त्यांनी चष्मा काढला. "मग सनद शोधत बसू नका. आमच्याकडे पक्षकार सहसा सरळ येत नाही. आधी सॉलिसिटर, मग त्यानं सांगितलं तर बॅरिस्टर. रस्त्यावरून जिना चढून जो कोणालाही भेटतो, तो दुसरं काही असेल, बॅरिस्टर नाही."

हे ऐकलं आणि मला आपल्या लोकांची चूक लख्ख कळली. आपल्याकडे मधल्या माणसाला टाळून थेट मोठ्या साहेबापर्यंत पोचणं म्हणजे केवढा मान! कारकुनाला कोण विचारतो? ओळख काढायची आणि आतल्या खोलीत शिरायचं. त्या भामट्यानं ही नस बरोबर पकडली होती. "बाकीचे बॅरिस्टर भेटत नाहीत, मी भेटतो," असं तो सांगायचा आणि लोकांना धन्य वाटायचं.

बाईंचा पुढचा प्रश्न आला, "परमिट संपून किती दिवस झाले?"

"आज एकतीस."

"देशाबाहेर काढू नये म्हणून करायच्या अपिलाला बेचाळीस दिवस मिळतात. एक दिवस उशीर झाला तर प्राधिकरणालाही काही करता येत नाही. मग त्यांना घालवून देतील, मुलं असोत नाहीतर कोणी असो. मला परमिटच्या शिक्क्यासकट पासपोर्ट हवेत. मी काम करीन. पण तुम्ही आणून दिलेत म्हणून नाही हं, सॉलिसिटरकडून पाठवा."

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी मुदत संपत होती, म्हणजे त्या आधीचा शुक्रवार हाच शेवटचा कामाचा दिवस. आणि पासपोर्ट कुठे होते ते एकट्या त्या माणसाला माहीत.

बुधवारी हॅमिल्टनला गेलो. छोटं घर, मुलाची बायको चहा ठेवत होती, आठ वर्षांची नात इंग्रजी पुस्तकात डोकं घालून बसली होती. मुलाला सगळं सांगितलं. तो पांढरा पडला, पण जबाब द्यायला तयार होईना.

"सर, तो चिडला तर? पासपोर्ट त्याच्याकडे आहेत. शिवाय आपलाच माणूस. कदाचित खरंच अपील केलं असेल."

"केलेलं नाही. प्राधिकरणाचं पत्र आज सकाळीच आलंय. तुमच्या नावाचा कागदसुद्धा तिथे नाही."

 मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "राग मानू नका सर, पण आम्ही तुमच्याकडे बघून गेलो. हॉलमध्ये तुम्ही त्याच्या शेजारी होतात. युनिफॉर्ममध्ये. मी हिला म्हटलं, पोलीस शेजारी बसलाय, आता आणखी काय चौकशी करायची?"

कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. 

आतून काकू आल्या. चष्मा लावला, खुर्ची ओढली. "त्याचं राहू दे. माझा जबाब घ्या. कागद आहे ना?" आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली, "मी, खाली सही करणार, वय वर्षे अडुसष्ट, धंदा सेवानिवृत्त, समक्ष विचारल्यावरून सांगते की..." तारीख, वार, कोण कुठे बसलं होतं, त्यानं कोणते मूळ कागद घेतले, भिंतीवर बॅरिस्टरचा पांढरा केसांचा टोप घातलेला त्याचा फोटो कोणत्या बाजूला होता, सगळं सुटं सुटं. मध्ये मुलगा काही बोलायला गेला तर म्हणाल्या, "साक्षीदार सांगत असताना मध्ये बोलू नये." एवढा चोख जबाब मी साऱ्या नोकरीत घेतला नाही. तो संपल्यावर मुलानं हळूच पेन उचललं आणि स्वतःचाही जबाब लिहून देऊन सही केली.

ते दोन जबाब, नोंदणीचा दाखला आणि प्राधिकरणाचं पत्र यांच्यावर वॉरंट मिळालं. पण वॉरंटच्या अर्जात मूळ कागदांची यादी हवी, भाषांतर हवं, त्यात सोमवार उजाडला. मंगळवारी सकाळी मिठाईच्या दुकानावरचं त्याचं ऑफिस उघडलं. टोपवाला फोटो होता, जाड जाड पुस्तकं होती, पासपोर्ट एकही नव्हता.

त्याला ठाण्यात आणलं. कॅमेरा लावला. नियमाप्रमाणे सांगितलं की तुम्हाला वकील बोलावण्याचा हक्क आहे. तो हसला आणि इंग्रजीत, स्पष्ट शब्दांत म्हणाला, "मला वकील कशाला? मी स्वतः बॅरिस्टर आहे."

मी मान वर केली नाही. तारीख, वेळ लिहिली. कॅमेऱ्यासमोर त्यानं गुन्हाच करून दाखवला होता! गर्विष्ठ माणसाला फार प्रश्न विचारू नयेत. त्याला त्याच्या कामाबद्दल बोलू द्यावं आणि आपण गप्प बसावं.

"पक्षकार तुमच्याकडे कोणत्या सॉलिसिटरकडून येतात?" मी विचारलं.

"मला मध्ये कोणी लागत नाही. लोक थेट येतात, एवढं माझं नाव आहे."

मग मी प्राधिकरणाचं पत्र पुढे सरकवलं. त्यानं ते दोनदा वाचलं. एकदम मराठीत शिरला. "साहेब, आपण एकाच मुलखातले. गैरसमज झालाय. फाईल पोस्टात असेल."

"घराचंही वॉरंट आहे. माणसं आता निघतायत."

"जाऊ द्या ना, काही सापडायचं नाही. फक्त माझ्या देवाला हात लावू देऊ नका." पाणी प्यायला आणि पुन्हा म्हणाला, "धार्मिक भावना आहेत, साहेब. देवाला हात नको."

देवाचं नाव मी काढलंच नव्हतं. खुर्ची मागे सारून उठलो आणि झडतीला स्वतः गेलो.

घरी त्याची बायको देवघरासमोर उभी होती. "हे सोवळ्यातलं आहे," म्हणाली. माझे सहकारी भले लोक. बूट दारात काढून आले होते, तिचं ऐकून आदरानं मागे सरले. मी खाली पाहिलं. देवघराच्या खालच्या कप्प्याला पितळी कुलूप! अहो, त्या कप्प्यात आपल्याकडे वाती असतात, उदबत्त्या, फार तर काडेपेटी. त्याला कुलूप कोण घालतं? मी म्हटलं, "वहिनी, देव मी स्वतः उचलून पाटावर ठेवतो. हात धुतो हवं तर. पण कप्पा उघडायला लागेल." ती मटकन खाली बसली आणि रडत किल्ली दिली. तिला काय काय माहीत होतं, मला आजही सांगता येणार नाही.

आत पासपोर्टांची चळत होती, रबर लावलेली. डिग्र्या, लग्नाचे दाखले, कोणाच्या मुलांचे जन्मदाखले. हॅमिल्टनच्या कुटुंबाचे तिन्ही पासपोर्ट चळतीच्या मध्यावर निघाले. 

मुद्देमाल म्हणून फोटो, नोंदी आणि प्रती करून मूळ पासपोर्ट पावतीवर सोडायला गुरुवार दुपार झाली. साहेबांनी त्यासाठी तीन ठिकाणी फोनवर आवाज चढवला; एरवी तो कधी चढत नसे. हॅमिल्टनच्या सॉलिसिटरनं पत्र दिलं, बाईंनी रात्रीतून अपील लिहिलं. त्यांना माझं एक निवेदन हवं होतं, कुटुंबानं इतका डोळे झाकून विश्वास का टाकला, यावर. लिहिताना हात थांबला. गणपतीतली गोष्ट घालायची की नाही? ती घातली तर उद्या खटल्यात आरोपीचा वकील मला सोलून काढणार हे दिसत होतं. साहेबांना विचारलं.

"खरं आहे का ते?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग मला काय विचारतोस?"

लिहिलं. मी गणवेशात त्या माणसाच्या शेजारी बसलो होतो, त्याची खातरजमा केली नव्हती, आणि या कुटुंबानं माझ्या तिथे बसण्याला खात्री मानलं. शुक्रवारी दुपारी अपील दाखल झालं. पावती मिळाली. तिची प्रत मी काकूंना फॅक्स केली.

आरोपीच्या वकिलानं खरंच सोडलं नाही. "म्हणजे तुम्हीसुद्धा माझ्या अशिलाला बॅरिस्टर समजत होता?" मी म्हटलं, "हो. तपासलं नाही, ही माझी चूक. त्या चुकीची किंमत दुसऱ्यांनी मोजायला नको, म्हणून इथे उभा आहे." त्याला शिक्षा झाली. कुटुंबाचं अपील काही महिन्यांनी मंजूर झालं, मुलगा पुन्हा कामावर गेला.

या प्रकरणानं मला एक धडा दिला. गणवेशातला माणूस जिथे बसतो तिथे तो सही करत असतो, त्याला कळो न कळो. त्यानंतर कोणी "साहेब, ओळखीतला चांगला वकील सांगा ना," म्हटलं की मी नाव देत नाही. नोंदणीचा फोन नंबर देतो आणि सांगतो, स्वतः विचारा, आणि आधी सॉलिसिटरकडे जा. लोक नाराज होतात. एका मित्रानं तर बोलणं टाकलं. टाकू दे.

काकूंचा व्हिसा निकालाआधीच संपला होता, त्या साताऱ्याला परतल्या होत्या. अपील मंजूर झाल्याचं कळल्यावर त्यांचा फोन आला. रडल्या, हसल्या, नातीचं नाव चार वेळा घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, घरात माझं कोणी ऐकत नव्हतं. म्हातारीची कटकट म्हणायचे. तुम्ही बरं ऐकलंत."

हो म्हणून मोकळा झालो असतो. जमलं नाही. म्हटलं, "काकू, खरं सांगू? वकालतनाम्याचं मी कानाआड केलं होतं. तुम्ही मला त्याच्या शेजारी बसलेलं पाहिलंय, ते टोचलं. मी तुमच्या मुलासाठी नाही, माझ्या नावासाठी चौकशीला लागलो."

 

"तेच टोचणार हे मला ठाऊक होतं," काकू म्हणाल्या. "म्हणून तर पहिलं वाक्य तेच बोलले."