काकांचे चार आणे

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीपर्यंतच शाळा. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर सांभाळून घ्या.

दोन हजार चार साली मी अमेरिकेत फ्रीमाँटला मुलाकडे राहायचे आणि दुपारी शेजारी जाऊन चार पोळ्या लाटून द्यायचे. तिथे काका आणि त्यांची लेक, दोघंच. सगळे काका म्हणत म्हणून मीही. ते तरुणपणी हवाईदलात मिग चालवायचे. आवाजाच्याही पुढे पळणारी आपल्याकडची ती पहिली विमानं.

मी फारसं बोलत नसे. तेच ओट्याशी खुर्ची ओढून बसत.

"उतरताना इतका वेग ताई, की शेपटीतून पॅराशूट सोडायचं. नाहीतर धावपट्टी संपायची आणि आम्ही चालूच."

मी पोळीकडे बघत हसायची. आता त्यांना पाच पायऱ्या चढतानाही थांबावं लागे.

हृदयाचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलला निघायच्या सकाळी मी डबा द्यायला गेले, तर ते दारातच म्हणाले, "ताई, चार आणे आहेत का?"

तिथल्या क्वार्टरला, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्याला, ते चार आणेच म्हणत. कपडे धुण्याच्या मशीनसाठी मी पिशवीत ठेवत असे, त्यातला एक दिला. म्हटलं, "राहू द्या हो, परत नका देऊ."

त्यांचा चेहरा उतरला. ते गाडीत जाऊन बसले.

लेक हळूच म्हणाली, "मावशी, उड्डाणाआधी बाबा आईकडून चार आणे उधार घ्यायचे. देणं बाकी असलं की माणूस परत येतो, असं त्यांचं. एकदा विमान पेटलं, पॅराशूटने उतरले. पाठीला पट्टा बांधून घरी आले आणि आधी आईचे चार आणे दिले. आई गेल्यापासून त्यांनी कुणाकडे मागितले नव्हते."

परक्या माणसाशी मी कधी मान वर करून बोलले नव्हते. पण गेले आणि गाडीच्या काचेवर टकटक केली.

"काका, चुकलं माझं. माझे पैसे मला परत पाहिजेत."

त्यांनी काच खाली घेतली. मग म्हणाले, "व्याज?"

"व्याज नको. पण स्वतः आणून द्यायचे. लेकीच्या हाती पाठवलेले मी घेणार नाही."

"फार कडक आहात."

पण हसले.

पुढचे दिवस माझं मन कशात लागेना. त्यांच्या घराला कुलूप, तरी दुपारी चार पोळ्या जास्तच व्हायच्या. मुलगा म्हणायचा, "आई, डॉक्टर म्हणतात ठीक आहे." मी मान हलवायची.

दहाव्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात काका, वॉकर धरून. लेक मागे उभी. चार पावलांच्या वाटेने त्यांना घाम फुटला होता. त्यांनी खिशातून नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं.

"मोजून घ्या ताई."

एकच होतं. तरी मी मोजलं.

"पूर्ण आहेत," मी म्हटलं. "फिटले."