अनसूयाबाईंची सहा दिवसांची बोट

पेशंटबद्दल बाहेर बोलायचं नाही, हा आमच्या नर्सेसच्या खोलीतला पहिला नियम. त्यामुळे बोलायला आम्हीच उरायचो. मिरजेच्या त्या दवाखान्यात मी चौदा वर्षं स्टाफ नर्स होते. एका स्टोव्हवर सुया उकळायच्या, दुसऱ्यावर चहा, आणि मधे बसून आम्ही कुणाची तरी टिंगल शिजवायचो. बहुतेक किस्से आठवडाभरात विरून जायचे. पण आमच्या हेडसिस्टर अनसूयाबाई परदेशात नदीतून बोटीनं फिरायला जाणार असं ठरलं, आणि ती एक सहल आम्हाला वर्षभर पुरली.

साठ-पासष्टचा सुमार असेल. तेव्हा नुसतं मुंबईला निघालेल्या माणसालासुद्धा स्टेशनवर पोचवायला चार जणं जायची.

•

सुरुवात झाली पत्रानं. आमच्या जुन्या मॅट्रनबाई जर्मन. बावीस वर्षं मिरजेत काढून त्या निवृत्त झाल्या आणि आपल्या गावी, ऱ्हाइन नदीच्या काठी जाऊन राहिल्या. मराठी त्या जनरल वॉर्डात, पेशंटकडूनच शिकल्या होत्या. त्यामुळे चेहरा जर्मनीचा आणि भाषा तासगावची. पत्रही मराठीत, फक्त अक्षरं इंग्रजी:

"आनसूया, मी आता लय म्हातारी झाले. तिकीट मी पाठवते. तू ये. सहा दिवस बोटीत बसून नदी बघू. काम काय करायचं न्हाई."

अनसूयाबाईंनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि काळजीनं म्हणाल्या, "काम नाही तर मग बोटीवर मला ठेवून घेतील कशाला?"

•

मग रजा. बोटीतले दिवस सहा, पण आगबोटीनं युरोपात जाऊन परत यायचं म्हणजे तीन महिने हवेत. हेडक्लार्कनी फॉर्म पुढं ओढला. कारणांच्या रकान्यात चारच गोष्टी छापलेल्या: आजारपण, लग्न, बाळंतपण, घरातला मृत्यू.

"सिस्टर, यातलं एक सांगा."

"नदी बघायची आहे."

"नदी आपल्याकडं आहे की. रविवारी जाऊन या."

अनसूयाबाई जागच्या हलल्या नाहीत. अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांची सगळ्यात मोठी रजा चार दिवसांची, आई वारली तेव्हाची. हेडक्लार्क वरमले. म्हणाले, "बरं, आजारपण लिहू. आजार कुठला?"

"मी ठणठणीत आहे. खोटं लिहू नका."

शेवटी कारणाचा रकाना कोराच ठेवून अर्ज मोठ्या डॉक्टरांकडं गेला. हे डॉक्टर ऑपरेशनला अनसूयाबाई समोर नसल्या तर हातमोजे घालायला तयार नसायचे. अर्ज दोन दिवस त्यांच्या टेबलावर पडून राहिला. आम्हाला वाटलं, गेला. तिसऱ्या दिवशी खाली आला, त्यावर तीन शब्द होते: "मंजूर. परत यावे."

•

पासपोर्ट मुंबईहून यायचा, पण त्याआधी पोलीस चौकशी गावाला. अनसूयाबाईंचं गाव रहिमतपूरच्या अलीकडं. घर छप्पन साली बौद्ध झालेलं. वडील, सखाराम, नव्वदीकडं झुकलेले, पण ताठ. हवालदार सायकलवरून आला आणि चावडीत पोलीस पाटलाला विचारू लागला. ही चौकशी सुरू आहे हे कळल्यावर म्हातारा काठी टेकत तिथं हजर.

पाटील सांगत होता, "ती व्हय, आमच्या सख्याची थोरली. मिरजंत आसती."

म्हातारा म्हणाला, "आवं पाटील, नाव सांगा. पासपोर्टावर सख्याची थोरली चालत न्हाई."

पाटलानं पागोटं सारखं केलं. म्हणाला, "आनसूया."

"आनसूयाबाई," म्हातारा हवालदाराला म्हणाला. "बाई लिवा."

हवालदारानं पाटलाकडं बघितलं. पाटील कुठं दुसरीकडंच बघत होता, पण मान हलवली. हवालदारानं लिहिलं. मग विचारलं, "बाईंच्या वर्तनाविषयी काय सांगता?"

पाटलाचं हर्नियाचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी आमच्याकडंच झालं होतं. तो म्हणाला, "हात लय हलका हाय."

तेवढंच लिहिलं गेलं. हिंदुस्थान सरकारच्या दप्तरात अनसूयाबाईंचं वर्तन म्हणून अजूनही तेच असेल.

•

थंडीचा किस्सा छोटा आहे. आमचे कंपाउंडर सगळं जाणायचे. अनसूयाबाईंनी त्यांना विचारलं, "तिकडं थंडी किती असते हो?"

"सांगलीच्या बर्फाच्या कारखान्याएवढी."

रविवारी बाई सांगलीला गेल्या, स्वेटर घातला, मालकाला सांगून बर्फाच्या लाद्यांच्या खोलीत दहा मिनिटं उभ्या राहिल्या, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "दोन लागतील."

•

बोटीचा सराव मात्र आम्हाला चोरून चालला होता. अनसूयाबाईंना पोहता येत नव्हतं आणि पाण्याची धास्ती होती. म्हणून ड्यूटी संपली की त्या एकट्याच कृष्णेच्या घाटावर जायच्या आणि नावेतून पलीकडं जाऊन त्याच नावेनं परत यायच्या. बरोबर कडबा, शेळ्या, बाजारची माणसं. बाई मधोमध डोळे मिटून बसायच्या.

चार दिवस नावाड्यानं बघितलं. पाचव्या दिवशी पलीकडची माणसं उतरली तरी त्यानं नाव सोडली नाही. बांबू आडवा ठेवला आणि समोर बसला.

"बाई, घरात काय भांडान झालंय का?"

"नाही हो."

"मग रोज येता, पान्यात बघत न्हाई, कुनाशी बोलत न्हाई, पल्याड उतरत न्हाई. ही नदी लय जनांनी वापरलीया. तुमी तसलं काय मनात आनू नगा."

अनसूयाबाईंनी मग सगळं सांगितलं. परदेशात बोट, सहा दिवस, नदी बघायची. त्यानं ऐकून घेतलं.

"नदी बघायची आसंल तर काठाव बसावं. नावंत बसल्याव नदी दिसत न्हाई, काठ दिसत्यात."

हे मला त्या नावाड्यानंच सांगितलं, त्याच्या बायकोला आमच्याकडं दाखल केलं होतं तेव्हा. दुसऱ्या दिवशी बाईंनी डोळे उघडे ठेवले होते, असंही म्हणाला.

•

निघायच्या आधी पटकीची लस टोचून दाखला घ्यावा लागायचा. आता आली ना पंचाईत. जिनं अख्ख्या तालुक्याला सुया टोचल्या, तिलाच सुईची भीती. हे अठरा वर्षांत कुणालाच कळलं नव्हतं. रोज आज नको, उद्या करता करता जायला आठ दिवस राहिले.

शेवटी स्टुलावर बसल्या, तोंड फिरवलं, डोळे गच्च मिटले. आमच्यात टोचायला कुणी पुढं होईना, कारण चूक झाली तर तिकडून परत आल्यावर बोलणी बसणार. चिठ्ठ्या टाकल्या. माझं नाव निघालं.

"स्पिरिट वाळू दे," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "कोपर खाली घे. श्वास सोड."

मी श्वास सोडला, सुई टोचली, काढली. "झालं," म्हटलं. बाई स्टुलावरून अलगद माझ्या अंगावर कलंडल्या. पाणी मारलं, पाय वर केले. दोन मिनिटांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य:

"सुई उकळली होतीस ना?"

•

त्या गेल्या. तीन महिन्यांनी परतही आल्या, आणि मोठ्या डॉक्टरांनी हातमोजे चढवले. नदी कशी होती, विचारलं की "छान होती" एवढंच म्हणायच्या. बोटीवरचा हा एकच किस्सा त्यांनी सांगितला, तोही एकदाच.

आमच्या दवाखान्यात मॅट्रन आली की नर्स उभी राहते. अंगात मुरलेली गोष्ट. पहिल्या सकाळी बोटीच्या डेकवर खुर्च्या मांडल्या होत्या. अनसूयाबाई बसल्या, तेवढ्यात मॅट्रनबाई काठी टेकत आल्या. या उभ्या.

"बस गं."

बसल्या. मॅट्रनबाई शाल आणायला आत गेल्या, आल्या. या पुन्हा उभ्या. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी मॅट्रनबाईंनी काठी आपटली.

"तू बसत न्हाईस, तर मी बी बसत न्हाई."

आणि गुडघे धरलेली ती सत्तरीची बाई जाऊन कठड्याशी उभी राहिली. अनसूयाबाई घाबरल्या. "तुम्ही बसा आधी."

"आधी तू."

"तुमच्याआधी मी कशी बसू?"

झालं. दोघी कठड्याला धरून उभ्या. खुर्च्यांवरच्या लोकांना वाटलं, या बाजूला काहीतरी बघण्यासारखं असणार. आधी दोघं उठली, मग दहा, मग सगळा डेक दोघींच्या मागं गोळा झाला. डोंगरावरचे प्रसिद्ध किल्ले नेमके पलीकडच्या काठावर होते, तिकडं कुणीच नाही. बोट जराशी कलली. टोपीवाला अधिकारी धावत आला आणि मॅट्रनबाईंना जर्मनमधून काहीतरी विचारू लागला. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं. त्यानं अनसूयाबाईंकडं बघितलं, टोपी काढली आणि निघून गेला.

"काय विचारत होता?" अनसूयाबाईंनी हळूच विचारलं.

"हितं बघन्यासारखं काय हाय, म्हनला."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"आमच्या मिरजंच्या हेडसिस्टर आल्यात, म्हनलं. बघू द्या लोकास्नी."