गोल्डफिशला शिळं पाणी लागतं

गेल्या महिन्यात एका गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, काळेवाडीतल्या माशांच्या दुकानात वही-पेन घेऊन गेलो. गोल्डफिश घ्यायचा होता... पण कुठला, तेच ठरत नव्हतं.

वहीत पाच नावं होती. कॉमेट, फॅनटेल, ओरांडा, रँचू, टेलिस्कोप. प्रत्येकापुढे रकाने... शेपटी कशी, वाढतो किती, टँक केवढा. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. शाळा दहावीला सुटली, त्यामुळे नवीन काहीही समजून घ्यायचं तर मला आधी लिहून काढावं लागतं.

एवढी तयारी करायला कारण होतं. मागच्या वर्षी लग्नानंतर मनीषासाठी, म्हणजे बायकोसाठी, काचेचा गोल बाऊल आणि एक छोटा केशरी मासा आणला होता. मी शिफ्टला गेलो की घरात तिला तेवढीच सोबत. तो अकरा दिवसांत गेला.

मी तेव्हा पटकन बोलून गेलो, "तूच जास्त खायला घातलंस." तिने बाऊल धुऊन माळ्यावर ठेवला. नंतर दोनदा विचारलं, दुसरा आणू का... तर म्हणाली, "नको. माझ्या हातून मरतात."

आता आणलेला मासाही गेला असता तर तिचं ते म्हणणं कायमचं पक्कं झालं असतं. म्हणून ती वही.

दुकानवाले काका जुने गाववाले. वही बघून म्हणाले, "आरं, मासा घेतोस का इंजिन?" पण एकेक सांगायला लागले आणि मी लिहीत सुटलो.

कॉमेट काटक, पण लांब पोहणारा आणि फूटभर वाढणारा... त्याला हौद पाहिजे. रँचू, ओरांडा देखणे, पण नाजूक. टेलिस्कोपचे डोळे एवढे बाहेर, तरी त्याला कमी दिसतं! हे मला फारच नवल वाटलं. दिसत नाही म्हणून खाणं शोधायला उशीर लागतो, आणि कडक दगडाला डोळा घासला तर इजा होते.

"तू फॅनटेल घे," काका म्हणाले. "दुहेरी शेपटी, सावकाश पोहतो. नवख्याच्या चुका पोटात घालतो."

टँक उंच नको, लांब हवा, कारण पाण्यात हवा वरच्या पृष्ठभागातून मिसळते. दोन माशांना अडीच फुटांचा. मी तिथेच हिशोब केला, नुसतं पाणीच नव्वद किलोच्या आसपास... म्हणजे आमचं टीव्हीचं टेबल बाद. लोखंडी स्टँड लागणार.

मग मी वाकून फॅनटेलच्या शेपट्या बघायला लागलो. दोन्ही बाजू सारख्या असलेले दोन मिळतात का ते. काका म्हणाले, "राव, हे पार्ट न्हाईत."

आणि सहज विचारलं, "आधी पाळलेला का?" मी म्हणालो, हो, पण बायकोने जास्त खायला घातलं, मेला.

"आणि पाणी?"

हे मी अभिमानाने सांगितलं. आमच्याकडे दिवसाआड पाणी येतं. नळ आला की मी बाऊलमधलं शिळं पाणी सगळं ओतून द्यायचो, बाऊल घासायचो आणि ताजं भरायचो. एकदाही चुकवलं नाही.

काकांचं हसू गेलं. "मग तूच मारला की रं त्याला."

नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरीन असतो, त्याने माशाचे कल्ले जळतात. पाणी दिवसभर उघडं ठेवायचं, आणि तेही थोडंथोडंच बदलायचं. खाणं जास्त झालं तर पाणी खराब होतं, खरं... पण माझ्या हातून दिवसाआड जे होत होतं, त्यापुढे ते काहीच नव्हतं.

आमच्या घरी आईची शिस्त, पाणी आलं की पिंप-कळशी रिकामी करून नव्याने भरायची. शिळं पाणी आपण पाहुण्याला देत नाही. मी तोच नियम माशाला लावला.

त्या दिवशी काहीच न घेता घरी आलो. कंपनीत पार्ट रिजेक्ट झाला की कारण सापडल्याशिवाय कुणाचं नाव लिहायचं नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. घरात मात्र मी आधी नाव लिहून मोकळा झालो होतो.

मनीषा मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिने जुडी खाली ठेवली.

"म्हणजे मी नाही?"

"नाही."

"अहो, वर्ष झालं... वर्षभर मी..." मग डोळे पुसत म्हणाली, "एवढं घासून घासून मारलंत होय!" आणि हसायला लागली. मला हसू की नको, कळेना.

पुढच्या गुरुवारी दोघं गेलो. काकांनी टँकबरोबर त्यांच्या फिल्टरमधला जुना, तपकिरी स्पंज दिला. त्यातल्या जिवाणूंमुळे नवं पाणी माशाला मानवतं म्हणे. "धुतलास तर परत येऊ नको." कोऱ्या टँकमध्ये ती घाण बघून माझे हात शिवशिवत होते... मनीषा पहाऱ्याला होती. टँक तीन आठवडे तसाच चालू ठेवला, आणि मगच दोन फॅनटेल आणले. एकाची शेपटी एका बाजूला जरा आखूड आहे. तो तिनेच निवडला.

खाणं तीच घालते. पण चिमूट घेतली की हात टँकवर थांबायचा. "एवढं चालेल ना?" रोज, दोन्ही वेळेला. मी हो म्हटल्यावरच बोटं सुटायची. प्रत्येक वेळी मला माझंच ते वाक्य ऐकू यायचं.

काल फर्स्ट शिफ्टहून आलो तेव्हा ती टँकपाशी होती. चिमूट घेतली, टाकली, बोटं पदराला पुसली आणि चहा ठेवायला गेली. मला काहीच विचारलं नाही.

काका, तुमचे उपकार आहेत... मासे मजेत आहेत.