हसलीस तर जमीन पूस

माझ्या भावाचं कौतुक कोणी माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीत बसून करायला लागलं, की माझा कंगवा जरा जोरात चालतो. "तादाओमी सेन्सेईंसारखा तत्त्वाचा माणूस मियाझाकीत दुसरा नाही," असं म्हणतात. म्हणायला काय जातं? त्या तत्त्वाबरोबर रोज जेवायला त्यांना बसावं लागत नाही.

दादा नदीच्या अलीकडे केंडो, म्हणजे बांबूच्या तलवारींची लढत, शिकवतो. पलीकडे हिदाका शिकवतो. दोघांत विस्तव जात नाही. खरं तर दोघं एकाच गुरूचे, कुरोकी सेन्सेईंचे. तो म्हातारा ऐन थंडीत सगळ्या खिडक्या सताड उघडून पोरांना अनवाणी नाचवायचा. दादाच्या टाचा फाटायच्या आणि मी त्यावर घोड्याच्या चरबीचं तेल चोळायचे. तो कधी कण्हला नाही. तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

मग प्रांताची अंतिम लढत आली, दादा विरुद्ध हिदाका. जादा वेळ सुरू झालेला, म्हणजे पहिला गुण घेईल तो जिंकणार. दादाने "मेन", म्हणजे डोकं, अशी आरोळी ठोकली आणि बांबूची तलवार हिदाकाच्या डोक्यावर अशी बसली, की तिन्ही पंचांची निशाणं एकदम वर गेली. आणि दादाने तलवारीवरचा डावा हात सोडून कमरेपाशी मूठ आवळली. एवढंच. उडी नाही, हसू नाही. पण केंडोत जिंकल्याचा आनंद दाखवला की गुण जातो. समोरच्याचा अपमान होतो म्हणे. पंच एकत्र जमले, कुजबुजले, निशाणं खाली हलवून त्यांनी गुण काढून घेतला. पुन्हा लढत सुरू झाली आणि हिदाकाने मनगटावर फटका मारून ती जिंकली.

त्यात हिदाकाचा काय दोष? काही नाही. पण दादाने त्याला जन्मभर पाण्यात पाहिलं, आणि तोही काही कमी नव्हता. कुरोकी सेन्सेई गेले तेव्हा हे दोघे उदबत्तीच्या पात्रापुढे एकदमच पोचले. पुढे कोणी व्हायचं यावर दोघेही खांब होऊन उभे. मागची रांग रस्त्यापर्यंत गेली. शेवटी सेन्सेईंची म्हातारी बायकोच म्हणाली, "तुम्ही त्यांना निरोप द्यायला आलात की एकमेकांना?"

दादाने स्वतःचा वर्ग काढला तो हे सगळं पोटात ठेवून. त्याची शिकवायची एक खास रीत होती. पोराने चांगला फटका मारला की तो जवळ जाऊन म्हणायचा, "छान मारलास." पोराच्या ओठांचा कोपरा जरा हलला, की पुढचं वाक्य, "आता जमीन पूस." मग ते पोर ओलं फडकं घेऊन, ओणवं होऊन, अख्ख्या फळ्या पुसत सुटायचं. आमच्या गावातली मुलं माराला घाबरत नाहीत, कौतुकाला घाबरतात. ही माझ्या भावाची कमाई.

घरातही तेच. वहिनी कंटाळून माहेरी ओइताला गेली ती आलीच नाही. त्यांची मुलगी चिनात्सु इथेच राहिली, कारण तिला केंडो आवडायचं. माझी भाची म्हणून सांगत नाही, पण पोरीचे पाय पाण्यासारखे सरकायचे. तिच्या वाढदिवसाला मी नवे हातमोजे दिले, तर तिने आधी बापाकडे पाहिलं आणि सुतकी चेहऱ्याने "धन्यवाद, आत्या" म्हणाली. मी दादाला तिथेच सुनावलं.

"पोर आहे का पाटावरची बाहुली?"

"तू केस काप, फुसाए."

"तुझे कापते एकदा, कानासकट."

चिनात्सु शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा प्रांताच्या अंतिम लढतीत पोचली. जिंकली तर देशाच्या स्पर्धेत जाणार, आणि शाळा संपत आल्याने ही संधी पुन्हा येणार नव्हती. समोर कोण? हिदाकाची शिष्या. दैवालाही चेष्टा करायला आमचंच घर सापडतं. दादा मार्गदर्शकाच्या खुर्चीत बसला, पलीकडच्या खुर्चीत हिदाका. मी वर प्रेक्षकांत, मांडीवर भाताच्या गोळ्यांचा डबा.

पुन्हा जादा वेळ. "मेन!" डोक्यावर फटका बसला, तिन्ही निशाणं वर. आणि तलवारीवरून चिनात्सुचा डावा हात सुटला, कमरेपाशी मूठ आवळली गेली. बापाचीच मूठ. तिने ती कधी पाहिलीही नव्हती. पंच तिच्या पाठीमागे आणि उजवीकडे होते, त्यांना दिसलं नाही. मी डबा घट्ट धरला आणि मनात म्हटलं, सुटली पोर.

तेवढ्यात दादा उठला. हातात तक्रारीचं लाल निशाण. सगळ्यांना वाटलं, हिदाकाच्या मुलीबद्दल काहीतरी असेल. दादा स्वच्छ आवाजात म्हणाला, "माझ्या खेळाडूने आनंद दाखवला. गुण काढून घ्यावा."

आजवर असं कुणी केलेलं नव्हतं. पंचांनाही काय करावं कळेना. पण स्वतः बापच सांगतोय म्हटल्यावर ते तरी काय करणार? निशाणं खाली हलली. लढत पुन्हा सुरू झाली, आणि चिनात्सु मनगटावर फटका खाऊन हरली.

बाहेर हिदाका दादासमोर येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांतलं त्याचं पहिलं वाक्य, तेही आमच्या आडनावाने हाक मारून, "इवाकिरी, सूड माझ्यावर उगवायचा होता ना? मग पोरीवर का?"

"नियम आहे," दादा म्हणाला.

"नियम पंचांसाठी असतो. तू बाप आहेस."

घरी मी थंड सार वाढलं, कोणी शिवलं नाही. चिनात्सुने भांड्याकडे बघत विचारलं, "बाबा, माझा फटका कसा होता?"

"तो प्रश्नच नाही."

"म्हणजे तुम्ही पाहिलाच नाहीत. तुम्ही माझ्या हाताकडे डोळे लावून बसला होतात. लहानपणापासून."

दादा आपलं भांडं उचलून मोरीकडे निघाला. मी मागोमाग गेले. त्याला जे जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, पण एकही शब्द मागे घेत नाही.

दुसऱ्या आठवड्यात चिनात्सु सायकलवर सामान बांधून पूल ओलांडून गेली. हिदाकाने तिला घेतलं. कमरेच्या कवचावर नावाचं कापड लागतं, वर वर्गाचं नाव, खाली आडनाव. आमच्या वर्गाची कापडं मीच शिवते. हेही मीच शिवलं, दादाच्या समोर बसून. वर हिदाका, खाली इवाकिरी. तो बघत राहिला. "टाका वाकडा आलाय," एवढंच म्हणाला. टाका सरळ होता.

शरद ऋतूतल्या स्पर्धेला तो येणार नाही असं सांगत होता, आणि आला. खुर्ची नव्हती म्हणून माझ्याशेजारी प्रेक्षकांत बसला. चिनात्सु लढायला उतरली. "मेन!" तो फटका असा बसला, की मला तलवार दिसलीच नाही. निशाणं वर. पोर वळली, तलवार समोर धरून उभी राहिली, चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. जे शिकवलं होतं ते सगळं तिथे होतं, फक्त कमरेवर वर्गाचं नाव दुसऱ्याचं.

मी दादाकडे पाहिलं. त्याची डावी मूठ कमरेपाशी आवळलेली होती, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. खालून हिदाका नेमका वर बघत होता.

मी दादाचं मनगट धरलं आणि मांडीवर दाबलं.

"दादा, हात खाली घे," मी म्हटलं. "पोरीचा गुण जाईल."