सोमीमावशीच्या बोटावरचा दोरा

आमच्या शेडवरचे किस्से सांगायला बसलं की एकाच्या मागे दुसरा येतोच. बारा जणी सकाळी भेंडी तोडून दिवसभर निवडत बसणार, तोंडं काय बंद राहणार?

वैशाखऱ्याला दत्ताभाऊंची शेड आहे. इथली भेंडी विमानाने परदेशात जाते. माप एकच, आमच्यातल्या सगळ्यात जुन्या सोमीमावशीचं मधलं बोट. माल घेणाऱ्या कंपनीने एकदा मापाला प्लास्टिकच्या पट्ट्या दिल्या होत्या. मावशी म्हणाली, "या उन्हात वाकतात गो. माजं बोट वाकलं तरी सरल होतं." आठ दिवसांत सगळ्या पट्ट्या वाकड्या!

मागच्या वर्षी लांब कुठेतरी लढाई लागली आणि विमानं थांबली. सगळा माल परत. चार दिवस गावभर भेंडी, एका बाराव्याच्या पंगतीलासुद्धा भेंडीच. मावशीने वर बघत विचारलं, "आबाल पन बंद करतात का रे?"

"करतात गो मावशे," दत्ताभाऊ म्हणाले.

मला अजून नवल वाटतं. ज्या देशाचं नाव धड घेता येत नाही, त्याच्यापायी आमच्या ताटात भेंडी.

मग यंदाचा उन्हाळा आला. सकाळी करंगळीएवढी सोडलेली भेंडी संध्याकाळी वीतभर. मावशी म्हणायची, "सकालची पोर, सांजची म्हातारी." आम्ही हसायचो. पण पुढे बोटाएवढी भेंडीही जून निघायला लागली. दोन खेपा तिकडे नापास झाल्या. तिसरी झाली की ऑर्डर बंद, शेड बंद आणि आम्ही बारा जणी घरी.

मावशीने टोपलीतल्या भेंड्यांची टोकं एकेक करून मोडून पाहिली. आखूड होत्या तेवढ्याच कट्कन मोडल्या. मग त्याच बोटाला, शेवटच्या पेराखाली, काळा दोरा बांधला. "आजपासून इथवरच तोडा."

दत्ताभाऊंना कळलं तोवर पाट्या भरल्या होत्या. ते भडकलेच. "कागदावर बोटभर लिवलंय. आखूड माल गेला तर संपलो आमी. माप बदलायला तू कोण?"

"बोट तेच हाय रे. ऊन बदललं."

तोडलेली भेंडी काय परत झाडाला लागते? देवाचं नाव घेऊन माल पाठवला.

विमान आभाळातच असेल, तेव्हा दत्ताभाऊंच्या मोबाइलवर कंपनीचा कागद आला. उन्हाळ्यात यापुढे भेंडी आखूड हवी, आणि खाली नवं माप. त्यांनी टेप मागितली, मावशीचा हात धरला, दोऱ्यापर्यंत मोजलं. पुन्हा मोजलं. मग टेप माझ्याकडे दिली. मीही मोजलं. कागदावरचं माप आणि मावशीचा दोरा, तंतोतंत एकच!

"हात सोडा गो आता," मावशी म्हणाली. "तिकडं भेंडी वाडतेय."