एरंडेल आणि पाव्हण्यांचा पांढरा शर्ट

माझं लग्न एरंडेल तेलामुळं जुळलं. (पोटाचा इथं काहीही संबंध नाही, गैरसमज नको!)

साल चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर असेल. मी भोरच्या एका शाळेत नुकताच ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो होतो आणि कामथडीची सुमन मला मनापासून आवडली होती. मीही तिला पसंत होतो. अडून बसले होते ते तिचे वडील.

"ड्रॉइंग मास्तर म्हंजी पोरांना आंबा काढाय शिकवनारा ना?" त्यांनी निरोप धाडला होता. "बुद्धपौर्णिमेला येतो भोरला. बघतो काय दिवं लावलेत, मग सांगतो व्हय का न्हाई ते."

झालं! मी घरात जाहीर करून टाकलं, की यंदा वस्तीतल्या बुद्धवंदनेला प्रत्येकाच्या हातात माझ्या चित्राचा छापील कागद पडणार. मोठं पिंपळपान, त्याखाली 'मंगल होवो' आणि कोपऱ्यात माझी झोकदार सही.

पण छापायचं कसं? छपाईचा ब्लॉक, म्हणजे ठसा, करायला पुण्याला जावं लागलं असतं. मी म्हटलं, घरात एवढे कारागीर असताना पुणं कशाला? माझे वडील, अण्णा, सुतार. ते लाकडावर कोरतील. चुलतभाऊ सुदाम गॅरेजात मेकॅनिक. शाई तो करील. (अख्ख्या घरात अंगाला सगळ्यात जास्त काळं त्याच्याच असायचं, म्हणजे अनुभव दांडगा!) आणि कागदावर दाब द्यायला आई, कारण तिच्यासारखा एकसारखा पापड वस्तीत कुणालाच लाटता यायचा नाही. बाकी सगळं डोकं माझं. तिथंच घोटाळा झाला.

"अण्णा, मी काढलंय तस्संच कोरायचं. मधेच स्वतःची अक्कल चालवू नका," मी बजावलं.

"मास्तर," अण्णा म्हणाले. (चिडले की ते मला मास्तर म्हणायचे.) "म्या आजवर शंभर चौकटी केल्यात. एक रेघ हिकडची तिकडं व्हनार न्हाई!"

आणि खरंच झाली नाही!

सुदामनं चुलीची काजळी खलून डबाभर शाई आणली. मी बोट बुडवलं, तर बोटाला तार सुटली.

"तुला जवसाचं तेल घालायला सांगितलं होतं ना रे?"

"गावलं न्हाई. एरंडेल घातलं. तेल त्ये तेल, दादा! त्यात ह्ये लई घट. धुतलं तरी जायाचं न्हाई!"

जवस वाळतं आणि एरंडेल जन्मात वाळत नाही, हे मला नंतर कळलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही अंगणात पहिला कागद छापला. आईनं पदर खोचून लाटणं फिरवलं. मी कागद अलगद सोलून काढला. पान असं झकास उमटलं होतं, की अण्णांच्या मिशा हलल्या. मग सगळ्यांची नजर खाली अक्षरांवर गेली.

"मला वाचता येत न्हाई," आई म्हणाली, "पर ह्ये मंगल दिसत न्हाई बाबा."

सगळी अक्षरं उलटी! आरशात बघावीत तशी! लाकडावर उलटं कोरलं तर कागदावर सुलटं येतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. बटाट्याचे ठसे शिकवताना हेच मी पोरांना रोज ओरडून सांगायचो!

"तसंच कोरा म्हनला व्हतास," अण्णा शांतपणे म्हणाले आणि पटाशी पुसू लागले.

मला तर रडूच आलं. आता कामथडीचे पाव्हणे, म्हणजे सुमनचे वडील, काय म्हणणार? ज्याला दोन शब्द धड छापता येत नाहीत, त्याच्या हाती पोर द्यायची? नवा ठसा कोरायला वेळ नव्हता आणि कागद वाटणार म्हणून वस्तीभर तर मीच बोंबलून आलो होतो. शेवटी मी डोकं लावलं. (पुन्हा!) आम्ही सगळे कागद तसेच छापले आणि सकाळी मी स्वतः ते वाटले. एकेकाला जय भीम घालायचा, कागदाची चित्राची बाजू त्याच्या छातीकडं करायची आणि कानात सांगायचं, "असाच छातीशी धरा. घरी गेल्याशिवाय बघू नका, तेच शुभ असतं!" पाव्हण्यांची एसटी सुटेपर्यंत अब्रू टिकली, तरी मला पुष्कळ होतं.

आणि बुद्धपौर्णिमेला आमच्याकडं झाडून सगळे पांढरे कपडे घालतात!

अर्धा तास सगळ्यांनी भक्तिभावानं हात जोडून कागद छातीशी दाबून धरले. वैशाखाचं ऊन, अंगाला घाम आणि सुदामचं एरंडेल. वंदना संपली, हात खाली आले आणि अख्खी वस्ती छापील झाली!

कुणाच्या सदऱ्यावर पिंपळपान, कुणाच्या पदरावर. ज्यांनी कागद खालीवर धरले होते, त्यांची पानं देठ वर करून उभी. आणि पहिल्या रांगेत कामथडीच्या पाव्हण्यांच्या कोऱ्या पांढऱ्या शर्टावर काळंभोर पान!

"मास्तर," ते दात-ओठ खात म्हणाले, "ह्ये धुतलं तर जाईल का?"

"अजिबात न्हाई, मामा!" सुदाम मागून अभिमानानं ओरडला.

संपलं, मी मनात म्हटलं. गेली सुमन. एवढ्यात वडिलांबरोबर आलेली तीच पुढं आली. तिच्या पांढऱ्या पातळावरही पान होतंच. वडिलांच्या छातीकडं बघून ती खुदकन हसली आणि मोठ्यानं वाचू लागली, "मंगल... होवो!"

मी डोळे चोळून बघितलं. कागदावर उलटं आलेलं कापडावर पुन्हा उलटून चक्क सुलटं झालं होतं! वाचता येईल असं, माझ्या सहीसकट!

"आबा," सुमन म्हणाली, "मंगल होवो असं तुमीच छातीवर घेऊन उभं हाय. आता न्हाई कसं म्हनताय?"

सगळी वस्ती हसायला लागली. पाव्हण्यांनी मान वाकवून शर्टाकडं बघितलं, मग अण्णांकडं, मग माझ्याकडं.

"पान कुनी कोरलं?"

"म्या," अण्णा म्हणाले.

"हात चांगला हाय तुमचा. पोरगं जरा येडं हाय, पर घर बरं दिसतंय." आणि ते हसले. इतकं हलकं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

पुढं मी रीतसर ठसे करायला शिकलो, प्रदर्शनं भरवली. त्यातली आठ चित्रं चौकटीत घालून बैठकीत लावली आहेत. पण घरी कुणी आलं, की सुमन त्या आठांपुढून सरळ आत जाते, पेटीतून आबांचा तो शर्ट काढून आणते आणि म्हणते, "हे बघा, ह्यांचं सगळ्यात चांगलं काम. ह्यांना कळायच्या आत झालं म्हणून बरं झालं!"